भाऊ एक, वकीलपत्रं दोन

खरं सांगते, मला माझी भावजय आवडत नाही. लोक असं उघड बोलत नाहीत, मी बोलते. आमच्या धाकट्याचं लग्न झालं त्या दिवसापासून ती माझ्या डोळ्यांत खुपते. तिचा दोष विचाराल तर एकच. तो तिच्याकडे बघून जसा हसतो तसा माझ्याकडे बघून कधी हसला नाही. मी मनातल्या मनात तिला बाहुली म्हणते. चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते ती. नीटनेटकी, केसांची एक बट इकडची तिकडे नाही, आणि गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम ठेवताना इतकं हळू बोलते की एक चष्मा घ्यायला आलेला माणूस दोन घेऊन जातो. मी इस्पितळाच्या लाँड्रीत मुकादम आहे. दिवसभर रक्ताच्या, औषधांच्या आणि नको नको त्या डागांच्या चादरी. वाफेने तोंड लाल, आणि मशिनवर ओरडून ओरडून आवाजच तसा झालेला. आता तुम्हीच सांगा, आमच्या दोघींपैकी कोणाचं बोलणं कानाला गोड लागेल?

पण त्याला वाढवला मी. आई गेली तेव्हा त्याचे दुधाचे दातसुद्धा पडले नव्हते. शाळेत पालक म्हणून मी उभी राहिले, मास्तरांची बोलणी मी खाल्ली, त्याचं दुखणंखुपणं मी काढलं. माझं लग्न राहून गेलं ते गेलं, त्याचं मला काही वाटत नाही. आणि मग एक दिवस ही बाई येते, त्याला 'अरे' म्हणते, आणि त्याला भाजीत मीठ किती लागतं ते मला शिकवते! तळपायाची आग मस्तकात जाणार नाही तर काय होईल?

आता केसचं सांगते. धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. एका जुन्या इमारतीतल्या लिफ्टचा ब्रेक झिजला होता. बंद ठेवा, असं त्याने कंपनीला कळवलं होतं. वरून साहेबांचा फोन आला, आजचा दिवस चालू कर, उद्या बघू. याने चालू केली आणि कागदावर सहीही केली. संध्याकाळी लिफ्ट कोसळली, आत एक माणूस होता, तो गेला. साहेब कोर्टात म्हणाले, असा फोन मी केलाच नाही. ते मोकळे झाले आणि आमच्या धाकट्याला सात वर्षं लागली.

निकालाच्या दिवशी आम्ही कोर्टाच्या बाहेर आलो. आमच्या वकीलकाकांनी मला बाकावर बसवलं. हे काका मीच शोधून आणलेले. म्हातारे आहेत, कानात केस आहेत, पण माणूस सज्जन. ते म्हणाले, "ताई, धीर सोडू नका. अपिलात दम आहे. तो फोनचा मुद्दा खालच्या कोर्टाने धड बघितलाच नाही. फक्त अपील मुदतीत गेलं पाहिजे. मुदत चुकली तर मग कितीही दम असू द्या, कोणी ऐकूनच घेणार नाही." आणि त्याच दिवशी, पोलीस त्याला गाडीत घालायच्या आधी, काकांनी अपिलाच्या वकीलपत्रावर धाकट्याची सही घेऊन ठेवली.

बाहुली खांबाला टेकून रडत होती. रडणंसुद्धा बेतशीर. मी तिच्याजवळ गेले, म्हटलं, "चल, काका सांगतायत ते ऐक."

तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "ताई, राग मानू नका, पण हे वकील नकोत आता. हे हरले."

मी म्हटलं, "हरले म्हणजे? काय कुस्ती होती का?"

"माझ्या ओळखीच्या एक वकीलबाई आहेत. हुशार आहेत. त्यांना दाखवते मी."

ओळखीच्या! मला विचारलं का कोणी? अंगाचा नुसता तिळपापड झाला माझा. काकांना मी आणलं म्हणून ते नकोत, हे काय मला कळत नाही?

अपिलाला निकालाची कोर्टाच्या शिक्क्याची नक्कल लागते. ती नक्कल काढली कोणी? बाहुलीने. दुकानातून रजा काढली, खिडकीवर उभी राहिली, नक्कल घेतली आणि नेऊन ठेवली ती थेट त्या वकीलबाईंच्या टेबलावर. वकीलबाईंनी जेलमध्ये जाऊन धाकट्याची सही आणली. म्हणजे भाऊ एक आणि वकीलपत्रं दोन.

वकिली धंद्यातली एक रीत मला तोवर माहीत नव्हती. एका वकिलाच्या हातात केस आहे म्हटल्यावर दुसरा तिला हात लावत नाही. आधीच्याने 'माझी हरकत नाही' असं लिहून दिलं तरच दुसरा पुढे होतो. त्यामुळे झालं असं की आमच्या काकांकडे केस होती पण नक्कल नव्हती, आणि तिच्या वकीलबाईंकडे नक्कल होती पण केस नव्हती. दोघांनी एका टेबलावर बसून चहा घेतला असता तर तेवढ्यात काम झालं असतं.

वकीलबाईंनी काकांना रीतसर फोन केला. काकांनी मला बोलावून घेतलं. "ताई, काय करू? देऊ का लिहून?"

"एक अक्षर देऊ नका," मी म्हटलं. "केस तुमची आहे."

"मग मला नक्कल आणून द्या."

"आणते," मी म्हटलं. म्हटलं खरं, पण आणायची म्हणजे बाहुलीपुढे हात पसरायचा. ती काउंटरमागून तिच्या त्या मऊ आवाजात म्हणणार, 'थांबा हं ताई, वकीलबाईंना विचारून सांगते.' छे! त्यापेक्षा मी आयुष्यभर चादरी हाताने धुतल्या असत्या. दुसरी नक्कल काढता येते म्हणे, पण मी म्हटलं, का काढायची? एक काढलेली आहे ना? धाकट्याला सांगते, तो तिला सांगेल, ती निमूट आणून देईल. नवऱ्याचं तरी ऐकेल की नाही?

जेलमध्ये आठवड्याला एकच भेट, आणि भेटीला एकच माणूस. कोणाला बोलवायचं ते आतल्या माणसाने आधी सांगायचं. धाकटा एक आठवडा माझं नाव द्यायचा, एक आठवडा तिचं. तिचा आठवडा असला की माझं कामात लक्ष लागायचं नाही. उशांचे अभ्रे चादरींत जायचे, बायका हसायच्या. आता ती काय बोलत असेल, तो काय हसत असेल, हेच डोक्यात.

माझ्या आठवड्याला मी गेले. मधे जाड काच, दोन्ही बाजूंना एकेक फोन. तो येऊन बसला. अंगावर राखाडी स्वेटर. मी दिलेला नव्हे.

"कोणी दिला?" मी विचारलं.

"हिने पाठवला. पाठ दुखते ना, थंडी लागली की जास्त दुखते."

"पाठ दुखते? कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

बरेच दिवस! तिला माहीत, मला पत्ता नाही. लहानपणी याच्या पायात काटा गेला तर तो धावत माझ्याकडे यायचा. मला काचेवर डोकं आपटावंसं वाटलं. पण मी स्वेटर गिळला आणि कामाचं बोलले. म्हटलं, "हे बघ, वकील एकच असतो. काका की ती बाई, आत्ताच्या आत्ता सांग."

त्याने फोन या कानावरून त्या कानावर घेतला. "तुझेच वकील, ताई. हे काय विचारणं झालं?"

"मग नक्कल तिच्याकडे आहे. तिला सांग, काकांना नेऊन दे म्हणून."

"सांगतो. पुढच्या वेळी ती आली की सांगतो. तू नको बोलूस तिच्याशी, भांडण होईल. मी बघतो."

काय सांगू, मी तरंगतच घरी आले. रस्त्यात उगाच दोन संत्री घेऊन खाल्ली. तुझेच वकील, ताई! दुसऱ्या दिवशी काकांना फोन करून सांगून टाकलं, नक्कल येतेय, भाऊ बोललाय. लाँड्रीतल्या बायकांनाही सांगितलं. शेवटी रक्त ते रक्त, असंही म्हटलं असेन, नाही म्हणत नाही.

त्यानंतर मी तिच्याशी बोलले नाही. त्यानेच बोलू नको म्हटलं होतं. तीही माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, हरली म्हणून तोंड लपवतेय. रस्त्यात एकदा समोरासमोर आलो तर ती चक्क हसली माझ्याकडे बघून, अगदी समजूतदारपणे, जणू मीच हरलेय. मी म्हटलं, हस बाई, हस. काकांनीही पुन्हा काही विचारलं नाही, आणि मला वाटलं, काम झालं असणार.

मग एक दिवस मी इस्त्रीच्या रोलरवर चादरी घालत होते, तर काकांचा फोन. "ताई, तेवढा अपिलाचा नंबर कळवा म्हणजे मी फाईल बंद करतो."

"कसला नंबर?"

"तुमच्या भावजयीच्या वकिलांनी दाखल केलं ना? मला नक्कल काही आली नाही, तेव्हा म्हटलं तुमचं तिकडे ठरलं. मीही जास्त विचारलं नाही, उगाच गळ्यात पडल्यासारखं होतं. मुदत तर गेल्या आठवड्यातच संपली."

पायाखालची वाळू सरकते म्हणतात, तसं झालं. चादर रोलरमध्ये तशीच वाकडी ओढली गेली, कोणीतरी ओरडलं, मी मशिन बंद केलं की नाही तेही आठवत नाही. अंगावर एप्रन, पायात रबरी बूट, अशी मी चष्म्याच्या दुकानापर्यंत धावत गेले.

बाहुली एका गलेलठ्ठ गृहस्थांचे डोळे तपासत होती. त्यांच्या नाकावर ती जड, गोल, भिंगं बदलायची फ्रेम.

"अपील केलं ना?" मी दारातूनच ओरडले.

ती वळली. हातात भिंग तसंच. "कोणी?"

"तुझ्या त्या वकीलबाईंनी!"

"त्या कसं करणार? तुमच्या काकांनी लिहून कुठे दिलंय अजून?" आणि मग तिचा चेहरा पांढरा पडला. "ताई, तो म्हणाला होता तुम्हाला समजावतो. तुझीच वकील, म्हणाला. ताईशी मी बोलतो, तू बोलू नकोस, भांडण होईल."

"मला म्हणाला तुझेच वकील!"

"म्हणजे काकांनी... ?"

"नाही केलं!"

ते गृहस्थ बिचारे त्या फ्रेममधून एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. त्यांना काय दिसत होतं देव जाणे. मग मी तोंड सोडलं. नक्कल दाबून बसलीस, नवरा कुजवलास, असं काय काय बोलले. आणि ही बाहुली, जी कधी आवाज चढवत नाही, तीही बोलली. "आणि तुम्ही? तुम्ही का नाही लिहून देऊ दिलंत? तुम्हाला तो सुटायला हवा होता की तुमच्यामुळे सुटायला हवा होता?" दुकानाच्या मालकाने आम्हाला दोघींनाही बाहेर काढलं. फुटपाथवरही भांडलो आम्ही. पण ते शेवटचं वाक्य तिचं, ते माझ्या वर्मी लागलं होतं, म्हणून मी जास्तच ओरडत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं वकीलबाईंच्या ऑफिसात बसलो. दोन वकील, दोन आम्ही. वकीलबाई तरुण, चटपटीत. त्या म्हणाल्या, "अजून सगळं संपलेलं नाही. उशीर माफ करा असा अर्ज अपिलासोबत देता येतो. पण उशीर का झाला ते शपथेवर सांगावं लागतं. कारण पटलं तर अपील ऐकतील. नाही पटलं तर तिथेच संपलं. मग पूर्ण सात वर्षं."

"मी आजारी होते असं लिहा," मी म्हटलं.

काका म्हणाले, "ताई, कागद मागतील. आणि खोटं पकडलं गेलं तर उरलंसुरलंही जाईल. जे झालं तेच लिहायचं."

"मग मी देते शपथेवर," बाहुली लगेच म्हणाली. "नक्कल मी काढली, काकांना दिली नाही. चूक माझी."

बघा! दोष घ्यायलाही ही पहिली. मी तोंड उघडायच्या आत वकीलबाई लिहायलासुद्धा लागल्या होत्या. मी म्हणायला हवं होतं की थांबा, माझंही लिहा. पण माझ्या मनात आलं, घेतेय तर घेऊ दे, मला काय! मूग गिळून बसले मी. आणि केस चालवणार कोण, तो प्रश्न तसाच भिजत पडला. काका म्हणाले, मी ज्येष्ठ आहे. बाई म्हणाल्या, नक्कल आणि कागद सगळे माझ्याकडे आहेत. शेवटी दोघेही म्हणाले, कोर्टात बघू.

कोर्टाची खोली लहान होती. वर एक पंखा, भिंतीवर एक मोठा पडदा. आतल्या कैद्यांना कोर्टात आणत नाहीत, जेलमधून पडद्यावर दाखवतात. आमचा नंबर आला आणि पडद्यावर धाकटा उगवला. तोच राखाडी स्वेटर. डोकं जरा वाकलेलं, पाठ दुखत असणार. मी आणि बाहुली एकाच बाकावर, मधे तिची पर्स.

न्यायाधीश बाई होत्या. वयाने माझ्याएवढ्या असतील, घसा बसलेला, तोंडात खोकल्याची गोळी. त्यांनी बाहुलीचं प्रतिज्ञापत्र मोठ्याने वाचायला घेतलं. नक्कल मी घेतली. ती मी आधीच्या वकिलांना दिली नाही. पतीच्या मनात काय आहे ते मला कळलं नाही. इथवर ठीक. मग वाचलं, "माझ्या पतीच्या थोरल्या बहिणीचा यात काहीही दोष नाही. त्यांनी पतीला आईसारखं वाढवलं आहे."

मी पडद्याकडे बघितलं. धाकट्याचे डोळे भरून आले होते. तिच्यासाठी! ती त्याच्यासाठी सगळा दोष अंगावर घेते आहे, आणि वर माझ्यावर उपकारही करते आहे, आणि हे तो बघतो आहे. आता जन्मभर तो म्हणणार, हिने माझ्यासाठी किती केलं. आणि मी कोण? आईसारखी! काहीही दोष नसलेली! माझं डोकंच फिरलं.

"खोटं आहे ते!" मी उभी राहिले.

सगळी खोली वळली. काका मागून माझी ओढणी खेचत होते, बसा ताई, बसा. न्यायाधीशबाईंनी गोळी गालात सरकवली.

"तुम्ही कोण?"

"मी बहीण. थोरली. जिचा दोष नाही ती."

"शपथेवर दिलेलं खोटं आहे असं तुम्ही म्हणताय. त्याने तुमच्या भावाचं काय होईल ते कळतंय का तुम्हाला?"

तेव्हा कळलं. पण आता उभी राहिलेच होते. "खोटं नाही, मॅडम. अर्धं आहे. नक्कल हिने अडवली ते खरं. पण हिच्या वकिलांना आमच्या काकांचं ना-हरकत पाहिजे होतं, ते मी अडवलं. काका विचारत होते, देऊ का, देऊ का. मी नको म्हटलं. हिने सगळं एकटीने का घ्यायचं?"

"का अडवलंत?"

मागच्या बाकावर कोणीतरी खोकलं. मी म्हटलं, "जळत होते म्हणून. हिच्यावर. अजूनही जळते."

लोक हसले. मला त्याचं काही वाटलं नाही. आणि माझ्या शेजारी बाहुली उठली आणि म्हणाली, "मीपण."

मी तिच्याकडे बघितलं. ही? माझ्यावर? माझ्याकडे आहे काय जळण्यासारखं? पण ती खोटं बोलत नव्हती. मान लाल झाली होती तिची. "त्याला काहीही झालं की तो ताई म्हणतो," ती म्हणाली. "झोपेतसुद्धा."

सरकारी वकील उठले. म्हणाले, हे कारण नव्हे, घरगुती भांडण आहे, मुदत ती मुदत. न्यायाधीशबाईंनी हाताने त्यांना थांबवलं आणि पडद्याकडे वळल्या. "तुम्हाला काही सांगायचंय का?"

आवाज पोचायला जरा वेळ लागतो. धाकट्याने मान वर केली. "मॅडम, चूक माझी आहे. इथल्या जेलच्या साहेबांनी विचारलं होतं, अपील इथूनच लिहून पाठवू का, नुसती सही कर. मी नको म्हटलं."

"का?"

मला वाटलं पडदाच बंद पडला. मग तो म्हणाला, "ताईला मी तुझेच वकील म्हटलं. हिला तुझीच वकील म्हटलं. सही करून मोकळा झालो असतो तर दोघींनाही वाटलं असतं, आपलं याला काही नाही. एकीला नाही म्हटलं असतं तर ती यायची बंद झाली असती. सात वर्षं आहेत, मॅडम. मला दोघी यायला हव्या होत्या."

मी यायची बंद झाले असते? मी? ज्याच्यासाठी मी सगळा जन्म घातला, त्याला असं वाटतं? ओरडून सांगणार होते, अरे वेड्या, मी मेले तरी येईन. आणि थांबले. कारण मला ठाऊक होतं. झालेच असते बंद. त्याने तिचं नाव घेतलं असतं तर मी रुसून घरी बसले असते, आठवडे मोजत, तो बोलावतो का याची वाट बघत. मी वाढवलेलं पोर ते. त्याला माझा स्वभाव माहीत नसेल तर कोणाला असेल? काचेपलीकडे बसून तो दर आठवड्याला मला घाबरत होता, आणि मला वाटत होतं लाडात आलाय. इतकं रडू आलं मला की नाकाला रुमालही लावता येईना.

न्यायाधीशबाईंनी प्रतिज्ञापत्र मिटून बाजूला ठेवलं. मग सरकारी वकिलांना म्हणाल्या, "यांच्या घरच्या भांडणाची शिक्षा त्याला द्यायची का? निकालाविरुद्ध त्याला अपील करायचंच होतं, त्यात मला शंका नाही. उशीर मी माफ करते." बाहुलीने माझा दंड इतक्या जोरात धरला की नखं रुतली. "पण," बाई म्हणाल्या, "मला आत्ता, इथे, एक वकील सांगा. दोन वकिलांचं एक अपील मी दाखल करून घेणार नाही. ठरत नसेल तर पुढची तारीख देते, आणि ती लवकरची नसेल."

काका उठले. वकीलबाई उठल्या. काकांनी फाईल छातीशी धरली होती आणि ते माझ्याकडे बघत होते. वकीलबाई बाहुलीकडे. आणि बाहुली खाली बघत होती. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

पडद्यावर तो. कोणाकडे बघत होता काही कळत नव्हतं. त्याला विचारलं असतं तर त्याने पुन्हा काय सांगितलं असतं ते आता मला माहीत होतं.

"हिची," मी म्हटलं.

"मोठ्याने सांगा."

"हिच्या वकीलबाई. काका, द्या लिहून."

काकांना लागलं ते दिसत होतं मला. उभ्या उभ्या त्यांनी एका कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि फाईल वकीलबाईंच्या हातात दिली. वकीलबाईंनी वाकून नमस्कार केला त्यांना. न्यायाधीशबाईंनी अपील दाखल करून घेतलं आणि जामिनाच्या अर्जासाठी जवळची तारीख दिली. बाहुली रडत होती, या वेळी बेतशीर नाही, चांगली भोकाड पसरून. आणि मी? मला आनंद झाला नाही का? झाला. पण खोटं कशाला बोलू, त्या आनंदाच्या खालीच माझ्या पोटात जळत होतं. तो सुटणार, आणि तिच्या वकिलामुळे सुटणार. हे मी माझ्या तोंडाने दिलं होतं आणि तरी मला जळत होतं.

बाहेर पायऱ्यांवर आम्ही दोघीच उरलो. तिने पर्समधून पाण्याची बाटली काढून मला दिली. मी प्याले.

"ताई, मी तुमचे उपकार..."

"उपकार बिपकार काही नाही. त्याच्यासाठी केलं." मी तोंड पुसलं. "आणि एक सांगून ठेवते. जामीन झाला की पहिल्या दिवशी तो माझ्याकडे जेवेल."

ती थांबली. "आधी घरी येऊ दे ना, ताई."

"म्हणजे माझं घर काय, धर्मशाळा आहे?"

"असं कुठे म्हटलं मी? पण बायको आहे मी त्याची."

"आणि मी कोण? त्याला भरवलंय मी या हातांनी, तेव्हा तू कुठे होतीस?"

"प्रत्येक वेळी तेच काढायचं!" तिचाही आवाज चढला. खालून येणारे लोक थांबून बघायला लागले. "ठीक आहे. पुढच्या भेटीचं नाव माझं आहे. मी त्यालाच विचारते, आधी कुठे यायचंय ते."

"नको," मी म्हटलं. मी तिचा हात धरला आणि सोडला नाही. "अगं, त्याला नको विचारूस. तो दोघींनाही हो म्हणेल."